हिरव्या बाटलीची मागची बाजू

प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताईंना त्यांचा मोठा भाऊ लहानपणी ‘भोंगा’ म्हणायचा. वय चोपन्न झालं, गुडघे कुरकुरायला लागले, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं काहीतरी वाचल्याचं नाटक करावं लागायला लागलं, पण आवाज होता तिथेच होता. ताई ‘पुढचा नंबर’ म्हणाल्या की आतल्या खोलीतलं मांजर टेबलाखाली जाई आणि बाहेर रस्त्याने चाललेला एखादा माणूस, आपण कधी नंबर लावला होता का, म्हणून क्षणभर थबके.

काउंटरचं काम त्या चोख करायच्या. कार्डं भरायची, फोन घ्यायचे, कुठल्या कुत्र्याची कुठली सुई कधी हे तोंडपाठ. पण त्याशिवाय त्यांचा आणखी एक उद्योग होता, जो त्यांना कुणी सांगितला नव्हता. बाकावर बसलेल्या माणसांना त्या शहाणं करायच्या. साखळी किती लांब असावी, उन्हात गाडीत कुत्रं ठेवणाऱ्याला कुठे ठेवावं, कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट घेताना पुढचं चित्र न बघता मागची बारीक अक्षरं का वाचावीत. या शेवटच्या विषयावर तर त्या विशेष रंगायच्या. “जे जास्त ते आधी लिहितात,” त्या बोट नाचवून सांगायच्या. “पुढे कोंबडीचं चित्र, आणि मागे कोंबडी अठरावी! वाचायला नको? डोळे कशाला दिलेत देवाने?”

हे सगळं आता ताई स्वतःच सांगतात, आणि सांगताना ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसतात. पण त्या मंगळवारी त्या हसत नव्हत्या. त्या मंगळवारी त्यांना सूर लागला होता.

बाकावर, कुत्रा धरून, चौघं होते. पिंजऱ्यात पोपट घेऊन आलेले एक निवृत्त हेडमास्तर, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला कुत्रा, त्याचा तितकाच केविलवाणा मालक, आणि कोपऱ्यात, मांडीवर वेताची टोपली घेऊन बसलेल्या एक सडपातळ बाई. पन्नाशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. टोपलीत म्हातारा पांढरा ससा.

“नाव?” ताईंनी कार्ड पुढे ओढलं.

“माझं?”

“सशाचं हो.”

“आजोबा.”

ताईंनी ‘आजोबा’ लिहिलं आणि न हसता पुढे विचारलं, “वय?”

“सात असेल. दात वाढतात त्याचे. महिन्या-दीड महिन्याने कापून घ्यावे लागतात. आम्ही या भागात नुकतेच राहायला आलोय.”

ताईंनी टोपलीत डोकावलं. सशाच्या कानाच्या आत, गुलाबी कातडीवर, हिरवट शाईचा पुसट आकडा होता.

“अगंबाई, हे काय? कानावर कुणी लिहिलं?”

“नंबर आहे तो. प्रयोगशाळेत होता आधी.”

झालं. ताईंना एवढं पुरे होतं. त्या खुर्चीवरून उठल्याच.

“बघितलंत, मास्तर? ऐकलंत? तोंडाला लावायच्या साबणापायी, क्रीमपायी या मुक्या जिवांच्या डोळ्यांत थेंब टाकतात! आणि मग बघत बसतात, डोळा लाल होतो का! माणसं म्हणायची का ही? रात्री झोप कशी लागते यांना? आणि मी म्हणते, करणारे एक वेळ परवडले, ते पोटासाठी करतात. पण ते विकत घेऊन तोंडाला फासणारे? त्यांना तर आरसा दाखवायला पाहिजे!”

नरसाळंवाला कुत्रा दोनदा भुंकला. ताईंना ते अनुमोदन वाटलं. मास्तरांनी मान डोलावली, कारण मान न डोलावण्याची हिंमत त्या खोलीत कुणाचीच नव्हती.

सशाच्या बाईंनी टोपलीवरचा रुमाल सारखा केला. “थेंब मी टाकायचे,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं. झोप लागायची नाही, बरोबर आहे तुमचं.”

पोपटाने मान वाकडी करून बाईंकडे बघितलं. निदान ताई तरी तसं सांगतात.

ताई होत्या तशाच परत खुर्चीवर टेकल्या. आणि बाईंनी त्याच आवाजात, किती वाजले असं विचारावं तसं, विचारलं, “तुम्ही तोंड कशाने धुता, ताई?”

“मी?” ताईंना जमीन सापडल्यासारखं वाटलं. “माझं अगदी नैसर्गिक असतं हो. पानाफुलांचं. हिरव्या बाटलीतलं. अकरा वर्षं तेच वापरते.”

“मागे काय लिहिलंय त्याच्या?”

तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि आजोबांचा नंबर लागला. बाई उठून आत गेल्या. ताईंनी पुढचा अर्धा तास एकच पेन तीन वेळा शोधलं. ते त्यांच्या हातातच होतं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा टाकला नाही. थेट न्हाणीघरात गेल्या आणि हिरवी बाटली बाहेर घेऊन आल्या. ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर घर, आणि दुकानातलं काम बऱ्याचदा वरच्या खिडकीजवळच्या टेबलावर येऊन पसरायचं. ते एका डोळ्याला भिंग लावून कसलंसं चाक बसवत होते.

“अहो, ते भिंग द्या जरा.”

“चाक हातात आहे गं.”

“चाक राहू द्या. मला माझं पाप वाचायचंय.”

त्यांनी मुकाट्याने भिंग काढून दिलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की अशा वाक्यानंतर चाक थांबू शकतं.

बाटलीच्या पुढच्या बाजूला एक टपोरं पान होतं, पानावर दवाचा थेंब, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘नैसर्गिक’. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तेवीस नावं होती. ताईंनी भिंग डोळ्याला लावून, बाटली गोल गोल फिरवत, एकेक नाव उच्चारायचा प्रयत्न केला. पानाचा अर्क एकोणिसावा निघाला. त्याच्या मागे फक्त रंग, वास आणि आणखी दोन मंडळी, ज्यांची नावं एका श्वासात म्हणता येत नव्हती.

“एकोणिसावा!” ताई खाली बसल्या. “कोंबडी तरी अठरावी होती.”

“पान आहे की,” यजमान म्हणाले. “चित्रात चांगलं मोठं आहे.”

प्राण्यांबद्दल बाटलीवर एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना रिकामा असताना, त्यांनी बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

“मॅडम, आपली त्वचा कोरडी आहे, तेलकट आहे की मिश्र?”

“जाड आहे,” ताई म्हणाल्या. “ते राहू दे बाळा. मला एवढंच सांग, तुम्ही हे आधी प्राण्यांवर करून बघता का?”

“मॅडम, आमच्या उत्पादनात निसर्गाची काळजी आहे.”

“ती माझ्याकडेही आहे. प्राण्यांवर करता का?”

मुलीने ‘एक मिनिट’ म्हणून पुन्हा बासरी लावली. मग कुणीतरी वरचे साहेब आले, आणि पुष्कळ फिरून फिरून शेवटी म्हणाले की जिथे नियमच तसा आहे तिथे विकायचं तर चाचणी करून घ्यावी लागते, आणि ती आम्ही करत नाही, दुसऱ्यांकडून करून घेतो.

ताईंनी फोन ठेवला. समोरच्या भिंतीवरच्या आरशात, जो खरं तर कुत्र्यांच्या मालकांना कपड्यावरचे केस झटकायला लावला होता, त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. अकरा वर्षं, सकाळ-संध्याकाळ, गोल गोल चोळून फेस काढलेलं. आरसा दाखवायला पाहिजे असं आपणच म्हणालो होतो, तो हा असा भिंतीवर टांगलेलाच होता.

आता इथे दुसरं कुणी असतं तर गप्प बसून साध्या पाण्याने तोंड धुतलं असतं. पण ताईंचा स्वभाव असा की चूक करायची तर दणक्यात आणि सुधारायची तीही दणक्यात. शनिवारी त्या बाजारातल्या मोठ्या दुकानात गेल्या. फेसवॉशचं एक आख्खं कपाट होतं, जमिनीपासून ताईंच्या डोक्याच्या वरपर्यंत. काकडी, गुलाब, कोळसा, माती, मध, समुद्राचं मीठ. ताईंना वाटलं, आपण भाजीबाजारात आलोय की खाणीत?

“मावशी, काय देऊ?” दुकानातली मुलगी आली. तिचा स्वतःचा चेहरा इतका नितळ होता की ताईंना उगाच राग आला.

“सौम्य पाहिजे. आणि प्राण्यांना त्रास न दिलेलं.”

“हे घ्या ना!” मुलीने एक नारिंगी बाटली पुढे केली. बाटलीवर कान टवकारलेला, गालात हसणारा ससा होता. “हे एकदम तसलंच आहे.”

सशाला बघून ताईंना भरून आलं. त्यांनी ना मागची बाजू बघितली, ना बाटली फिरवली. एका चित्राने अकरा वर्षं फसलेल्या बाईने दुसऱ्या चित्रापुढे दोन मिनिटांत मान तुकवली. घरी जाऊन तोंड धुतलं तेव्हा आधी संत्र्याचा वास आला, मग डोळ्यांतून पाणी, मग गालांना असा चटका बसला की त्या नळाखालून डोकं काढायला तयार होईनात.

यजमान दाराशी येऊन उभे राहिले. “काय झालं?”

“ससा चावला,” ताई नळाखालून म्हणाल्या.

मग त्यांनी ठरवलं, बाटलीच नको. घरातच करायचं. मोबाइलवर एका बाईंनी सांगितलं होतं: ओट्स वाटा, मध घाला, अर्ध्या लिंबाचा रस पिळा, आणि मृत त्वचा निघून जावी म्हणून अक्रोडाच्या टरफलाची पूड. ताईंनी अर्ध्याऐवजी अख्खं लिंबू पिळलं, कारण पाहुणचारात आणि औषधात हात आखडता घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी तो लगदा तोंडाला चोळला. चांगला जोर लावून चोळला, कढई घासावी तसा. मृत त्वचा गेली की नाही माहीत नाही, जिवंत मात्र बरीच गेली.

सोमवारी ताई दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांचं तोंड पिकलेल्या टोमॅटोसारखं झालं होतं, आणि हनुवटीवर बारीक बारीक ओरखडे. डॉक्टरीणबाई ताईंच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी ताईंची हनुवटी दोन बोटांनी धरून दिव्याकडे वळवली.

“मी माणसांची डॉक्टर नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही मांजर असता तर गळ्यात नरसाळं बांधून घरी पाठवलं असतं. काही लावू नका आठवडाभर. आणि आज जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.”

त्वचेच्या डॉक्टरांनी एक मलम दिलं आणि लिंबाचं नाव ऐकून कपाळाला हात लावला.

तोंडाची आग दोन-तीन दिवसांत कमी झाली, लाली आणि ओरखडे तेवढे राहिले. पण मनात दुसरीच एक आग होती. त्या मंगळवारी आजोबाचे दात नुसते तपासले होते; सशाच्या बाई दोन आठवड्यांनी पुन्हा येणार होत्या, दात कापायला. तारीख ताईंनी स्वतः कार्डावर लिहिली होती. तो दिवस आला, गेला. बाई आल्या नाहीत. आणखी चार दिवस गेले. ताई दर वेळी दार वाजलं की मान वर करायच्या, आणि दारातून कुठलातरी बोका यायचा.

आपण त्या बाईला हाकलून लावलं. एवढ्या लोकांसमोर. आता त्या लाजेने येत नसणार, आणि तिकडे आजोबाचे दात वाढून वाढून त्याला खाता येत नसणार. ताईंच्या डोळ्यांसमोर ससा रोज बारीक होत चालला. यजमानांना त्या एवढ्या वेळा हे सांगू लागल्या की शेवटी ते म्हणाले, “अगं, जाऊन ये ना एकदा. इथे मला कशाला छळतेस? मी कुणाला हाकललं नाही.”

कार्डावर पत्ता होता. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर, दुसरा मजला. ताई जिना चढता चढता भाषण जुळवत गेल्या. पहिल्या मजल्यावर ‘माझ्या बोलण्याने तुम्हाला जे दुःख झालं’ इथपर्यंत आल्या, दुसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि सगळं विसरल्या.

बाईंनी दार उघडलं, ताईंच्या तोंडाकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. पण हसू बोटांतून बाहेर आलंच.

“लिंबू?” त्यांनी विचारलं.

“अख्खं,” ताई म्हणाल्या. “आणि अक्रोडाची टरफलं.”

“अरे देवा. या, आत या.”

खोली लहान आणि लख्ख होती. खिडकीखाली जुन्या कागदांचा थर घालून सशाचा कोपरा केला होता. आजोबा तिथे अंग पसरून पडला होता, गुबगुबीत, तोंडात गवताची काडी. ताईंनी मनात त्याची जी हाडं हाडं केली होती, तसलं काहीच नव्हतं.

“तुम्ही आला नाहीत,” ताई म्हणाल्या. “मी त्या दिवशी नको नको ते बोलले. मला वाटलं, माझ्यामुळेच...”

“तुमच्यामुळे?” बाईंना खरंच कळेना. “नाही हो! बहिणीचं ऑपरेशन होतं, तिच्याकडे गेले होते पंधरा दिवस. आजोबालाही नेलं होतं. दात तिथल्याच डॉक्टरांनी कापले. फोन करायचा राहून गेला बघा.”

ताई खुर्चीवर टेकल्या. पंधरा दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं, त्यांनी यजमानांचं डोकं खाल्लं होतं, एवढा पश्चात्ताप केला होता. आणि या बाईच्या हिशेबी ताई कुठे नव्हत्याच. त्यांना हायसं वाटलं आणि थोडं फसवल्यासारखंही वाटलं.

“म्हणजे तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

बाईंनी जरा विचार केला. “तसं नाही. लागलं होतं. पण तुम्ही म्हणालात ते मी स्वतःला कितीतरी वेळा म्हटलंय. फक्त एवढ्या मोठ्याने नाही.”

दोघी हसल्या. मग बाई उठल्या, भांड्यात कोमट पाणी आणलं, आणि ताई नको नको म्हणत असताना त्यांना मोरीपाशी नेऊन म्हणाल्या, “चोळायचं नाही. नुसतं ओंजळीने मारा. आता टिपा. पुसू नका, टिपा. तोंड आहे ते, फरशी नाही.”

चहा पिताना ताईंनी विचारलंच, आवाज शक्य तितका लहान करून. आजोबा तिथून कसा सुटला?

“त्याच्यावर काही केलंच नव्हतं. प्रत्येक खेपेला काही ससे नुसते ठेवतात, बाकीच्यांशी ताडून बघायला. हा त्यांतला. खेप संपली तेव्हा मी साहेबांना म्हटलं, हा मला द्या. म्हणाले, न्या. त्याच आठवड्यात मी काम सोडलं.”

“आणि बाकीचे?”

बाईंनी कप खाली ठेवला. “बाकीचे नाही,” त्या म्हणाल्या.

खालून किल्ली घासल्याचा आवाज येत होता. आजोबा उठला, दोन उड्या मारून ताईंच्या चपलेपाशी आला आणि पट्टा कुरतडू लागला. ताईंनी कुरतडू दिला.

मग बाईंनी त्यांना सगळं नीट सांगितलं, जसं एखादी जुनी कामगार कारखान्यातलं सांगेल तसं. ‘नैसर्गिक’ हा शब्द कुणीही लिहावा. लिंबूही नैसर्गिकच होतं. सशाचं चित्रही कुणीही काढावं. तपासणी करणाऱ्या संस्थेचं खरं चिन्ह असलं तर त्याच्याशेजारी संस्थेचं नाव असतं, ते शोधून त्यांच्या यादीत कंपनी आहे का बघायचं; नुसता गालात हसणारा ससा असला तर तो कंपनीच्या चित्रकाराचा. आणि कंपनीला विचारायचं तर एकच प्रश्न विचारून सोडायचं नाही. तयार माल प्राण्यांवर करून बघता का? त्यात पडणाऱ्या वस्तू कुणी करून बघतं का? आणि तुमच्यासाठी दुसरं कुणी करतं का? “तिसऱ्या प्रश्नाला लोक खोकतात,” बाई म्हणाल्या.

“खोकले नाहीत, बासरी लावली,” ताई म्हणाल्या.

“आणि सौम्य म्हणजे, वास नको, खरखरीत दाणे नकोत, नावं जितकी कमी तितकं बरं. धुतल्यावर गाल ओढल्यासारखा झाला, चर्र वाजला, म्हणजे स्वच्छ झाला असं समजू नका. म्हणजे जास्त झालं.”

ताईंनी पर्समधून दवाखान्याचं कार्ड काढून त्याच्या पाठीवर हे सगळं लिहून घेतलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच त्या कुणाचं तरी बोलणं लिहून घेत होत्या.

त्या आठवड्यात त्यांनी तीन कंपन्यांना पत्रं पाठवली, तिन्हींत तेच तीन प्रश्न. एकीने रंगीत पुस्तिका पाठवली. दुसरीचं उत्तर इतकं प्रेमळ होतं की ताईंनी ते दोनदा वाचलं आणि त्यात उत्तर नाही हे तिसऱ्यांदा वाचताना कळलं. तिसरीने दोनच ओळी लिहिल्या. तिन्ही प्रश्नांना ‘नाही’, आणि कुठल्या संस्थेने तपासलं तिचं नाव.

त्या तिसरीचा माल मोठ्या दुकानात नव्हताच. औषधाच्या दुकानात, सगळ्यांत खालच्या फळीवर, बाळांच्या पावडरीच्या मागे एक पांढरी ट्यूब होती. पान नाही, फूल नाही, ससा नाही. संस्थेचं छोटं चिन्ह, शेजारी नाव. ताई दुकानातच उकिडव्या बसल्या आणि यजमानांचं भिंग डोळ्याला लावून मागची बाजू वाचली. नऊ नावं. सशाच्या बाई सोबत होत्या. औषधवाल्याने त्यांना हळूच विचारलं, “बाई हिऱ्यांच्या व्यापारातल्या आहेत का?”

बाईंनी बजावून सांगितलं होतं की लगेच तोंडाला लावायचं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस वाट बघायची. ताई खिडकीपाशी बाही वर करून बसल्या आणि दर तासाला कोपर बघू लागल्या.

“लाल होतंय का?” यजमानांनी विचारलं.

“नाही अजून.”

“म्हणजे आता ससा तू.”

“हो,” ताई म्हणाल्या. “पण मला विचारून.”

काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याने तोंड धुतलं. फेस जवळजवळ आलाच नाही, वास कसलाच नाही, गाल ओढला नाही, चर्र वाजला नाही. टॉवेलने टिपून त्या बाहेर आल्या आणि यजमानांसमोर उभ्या राहिल्या.

“काही फरक?”

त्यांनी नीट बघितलं. “नाही गं. तूच आहेस.”

दवाखान्यातही कुणाला फरक दिसला नाही. मास्तरांना नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. अकरा वर्षं ताईंना वाटत होतं की हिरव्या बाटलीने आपल्या तोंडावर तेज आहे. ते तेज गेल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईंनी हेही सगळ्यांना सांगितलं, मोठ्याने, कारण शहाणपण आलं तरी आवाज काही कमी झाला नव्हता. फक्त आता बाकावर बसलेल्यांना काही सुनावण्याआधी त्या म्हणायच्या, “आधी माझी फजिती ऐका.” लोकांना ते जास्त आवडायचं. आजोबा दात कापायला आला की सशाच्या बाई मुद्दाम शेवटचा नंबर लावायच्या, म्हणजे नंतर दोघींना बसून बोलता येई. कधी प्रयोगशाळेबद्दल, बहुतेक वेळा बहिणीच्या सुनेबद्दल.

एवढं सगळं जमून आलं, आणि ट्यूब संपली. महिनाभरातच. ताईंना नवल वाटलं. त्या तर मटाराएवढीच घेत होत्या. त्यांनी दुसरी आणली, तिसऱ्या आठवड्यात तीही चपटी झाली. त्यांनी पाळत ठेवली. आणि एका रविवारी सकाळी यजमान रंगेहाथ सापडले: खिडकीजवळच्या टेबलावर, वाटीत पाणी, मऊ ब्रश, आणि गिऱ्हाइकांच्या घड्याळांचे नऊ पट्टे ओळीने मांडलेले.

“अहो!”

“अगं, चामड्याला काही होत नाही याने,” ते अपराध्यासारखे म्हणाले. “साबणाने पट्टा कडक पडतो. हे फारच सौम्य आहे. तूच सांगत होतीस.”

ताईंनी कंबरेवर हात ठेवले. भोंगा वाजणार असं वाटून यजमानांनी ब्रश खाली ठेवला. पण ताई एका पट्ट्याकडे बघत राहिल्या, बोटाने त्याचं चामडं चाचपलं.

“हे कशाचं हो चामडं?”

यजमानांनी भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवलं. “गाईचं,” ते म्हणाले. मग घाईघाईने, “काही काही कापडाचेही येतात.”

ताई समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या मनगटावरचा पट्टाही तपकिरी, चकचकीत, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यजमानांनी स्वतः शिवून दिलेला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग आधी खुदकन, आणि मग दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन वर बघेल इतक्या मोठ्याने हसल्या.

“कापडाचे कुठे मिळतात, ते बघून ठेवा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आणि ती ट्यूब इकडे आणा. मला अजून तोंड धुवायचंय.”